लोणंदमध्ये समुद्राची टाकी: सॉफ्ट कोरलमध्ये पैसे टाकण्याआधी हे वाचा

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं सगळं इथे सविस्तर लिहितोय. शेवटी हिशोब पण आहे, तेव्हा वही-पेन जवळ ठेवा.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. लोणंदहून एका मुलाचा फोन आला. घरचा कांद्याचा व्यापार, पण याला मासे आणि टाक्यांचा नाद. म्हणाला, "सर, माझ्याकडे सत्तर हजार साठलेत. सॉफ्ट कोरल घेतो, वाढवतो, कापून तुकडे विकतो. एकाचे चार होतात म्हणे. करू का?"

मी त्याला म्हटलं, "कर. पण पहिले तीन महिने एकही कोरल विकत घ्यायचं नाही." त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज पडला तो कळला. मी असं का म्हणालो, त्याचं उत्तर म्हणजे हा लेख.

सॉफ्ट कोरल म्हणजे नक्की काय?

कोरल म्हणजे प्रवाळ. ही वनस्पती नाही आणि दगडही नाही, हा प्राणी आहे. दिसायला एक झुडूप दिसतं, पण ती शेकडो छोट्या जिवांची वसाहत असते. एकेका जिवाला पॉलिप म्हणतात. सॉफ्ट कोरलच्या पॉलिपला आठ पिसासारखे हात असतात. हार्ड कोरल खाली चुन्याचा टणक सांगाडा बांधतं. सॉफ्ट कोरल तसा सांगाडा बांधत नाही, त्याच्या अंगात फक्त चुन्याचे बारीक कण विखुरलेले असतात. म्हणून ते पाण्यात डुलतं.

त्याचं पोट कशावर भरतं? टाकीत ठेवतात त्या बहुतेक सॉफ्ट कोरलच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. उजेड पडला की ते शैवाल अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. बदल्यात कोरल त्याला राहायला जागा देतं. म्हणजे तुम्ही कोरल पाळता तेव्हा खरं तर दोन जीव सांभाळता. पाणी फार तापलं किंवा एकदम बदललं की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकलं जातं आणि कोरल पांढरं पडतं.

नवशिक्यांसाठी नेहमी सुचवली जाणारी नावं म्हणजे सार्कोफायटन, सिन्युलेरिया आणि झेनिया. सार्कोफायटन अळंबीसारखं दिसतं, म्हणून त्याला टोडस्टूल लेदर म्हणतात. सिन्युलेरियाला बोटांसारख्या फांद्या असतात. झेनियाचे पॉलिप मुठीसारखे उघडझाप करत राहतात. ही तिन्ही हार्ड कोरलपेक्षा सोशिक आहेत. पण सोशिक म्हणजे काहीही चालवून घेणारी नव्हेत.

कोरलला कालच्यासारखाच आज हवा असतो

आधी आकडे लिहून घ्या. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस. क्षारता, म्हणजे सॅलिनिटी, ३५ पीपीटी, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. पीएच ८ ते ८.४. अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट थोडं असलं तर सॉफ्ट कोरलला चालतं, ५ ते १० पीपीएम ठीक.

आता खरी गोष्ट. यातले बरेच आकडे थोडे इकडेतिकडे असले तरी कोरल जगतं. क्षारता कायम ३४ असली तरी जगतं. पण आज ३४, चार दिवसांनी ३८, बादलीभर पाणी ओतलं की परत ३५, हे त्याला झेपत नाही. कांद्याच्या भावातली चढउतार व्यापारी सोसतो. कोरल सोसत नाही.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. माझ्या पहिल्या टाकीतलं पाणी रोज लिटरभर आटायचं. मी शहाण्यासारखं रोज लिटरभर मिठाचं पाणीच ओतायचो. म्हटलं, समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच पाणी घालायला हवं ना! चूक इथेच झाली. आटतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. १०० लिटरच्या टाकीत १५ दिवसांत १५ लिटर मिठाचं पाणी गेलं, म्हणजे अर्धा किलोपेक्षा जास्त जादा मीठ गेलं. ३५ चे ४० झाले. सार्कोफायटन मिटलं. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून खाणं वाढवलं. खाणं सडलं आणि उरलेलं काम त्याने केलं.

म्हणून नियम पक्का करा: आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं शुद्ध पाणी, आणि तेही रोज. आठवड्यातून एकदा बादलीभर घालायचं नाही. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. सार्कोफायटन मधूनमधून स्वतःहून मिटतं. अंगावर मेणासारखा थर येतो आणि काही दिवसांनी तो थर सालीसारखा निघून जातो. ते मरत नसतं, कात टाकत असतं. तेव्हा घाबरून औषधं ओतू नका. आधी आकडे तपासा. आकडे ठीक असतील तर हात खिशात ठेवा.

लोणंदमध्ये अडचणी कुठे येतात?

मुंबईतल्या माणसाचे व्हिडिओ बघून लोणंदमध्ये टाकी लावली तर चार ठिकाणी ठेच लागते.

पहिली, पाणी. आपला भाग काळ्या खडकाचा. बोअरचं पाणी जड असतं, त्यात आधीच क्षार असतात. ते वापरून समुद्राचं मीठ कालवलं तर आकडे कधीच जुळत नाहीत आणि शेवाळ माजतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. तुम्ही म्हणाल, घरी आरओ आहे की! घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चव राहावी म्हणून थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टीडीएस मीटर लावून बघा. टाकीसाठी तो आकडा शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा एक फिल्टर लावावा लागतो. टीडीएस मीटर स्वस्त असतो. पहिली खरेदी त्याचीच करा.

दुसरी, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत टाकी सहज तिशी गाठते. २८ च्या वर सतत राहिलं की धोका सुरू. पाण्यावर पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, कारण आपली हवा कोरडी आहे. पण त्याच पंख्यामुळे पाणी भराभर आटतं. दिवसाला दोन लिटर आटलं आणि पाच दिवस तुम्ही गावाला गेलात तर १०० लिटरचे ९० राहिले. क्षारता ३५ वरून जवळपास ३९. म्हणजे उन्हाळ्याचा इलाज केला आणि मिठाचं दुखणं ओढवून घेतलं. म्हणून पाणी आपोआप भरणारं फ्लोटचं साधन पंख्याबरोबरच घ्या. हिवाळ्यात उलटं. रात्री गारठा पडतो, तेव्हा हीटर लागतो.

तिसरी, वीज. दिवा चार तास गेला तर कोरलला काही होत नाही. पण पाणी हलायचं थांबलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि मासे असतील तर ते आधी जातात. पूर्ण टाकी इन्व्हर्टरवर घ्यायची गरज नाही. पाणी फिरवणारा दहा वॅटचा एक पंप इन्व्हर्टरवर घ्या. घरचा इन्व्हर्टर तेवढा भार रात्रभर सहज ओढतो. तेही जमत नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवा.

चौथी अडचण कायद्याची. ती फक्त लोणंदची नाही, सगळ्यांचीच आहे. तिच्यासाठी वेगळा भाग लिहितो, कारण इथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत.

कायदा: मऊ दिसतं ते सगळं सॉफ्ट नसतं

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळ आले. पहिली अनुसूची म्हणजे ज्यात वाघ आहे ती. त्यात कोण कोण आहे? खडक बांधणारे सगळे हार्ड कोरल, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन म्हणजे सगळे गॉर्गोनियन. यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड.

सार्कोफायटन आणि सिन्युलेरिया या गटांत येत नाहीत. पण बाजारात गंमत अशी होते की विकणारा जे मऊ दिसतं त्याला सॉफ्ट म्हणतो. हॅमर, टॉर्च, बबल ही नावं तुम्ही ऐकली असतील. पाण्यात ती मस्त लुसलुशीत दिसतात. पण मांसल भागाखाली दगडी सांगाडा आहे, म्हणजे ती हार्ड कोरल आहेत. सी फॅन तर जाळीदार झाडासारखा दिसतो, तोही संरक्षित. टाकीत ठेवायला "लाइव्ह रॉक" म्हणून प्रवाळाचे मेलेले तुकडे विकले जातात, तेही घेऊ नका. सिरॅमिकचे कृत्रिम खडक मिळतात, जिवाणूंना राहायला तेवढेच चांगले.

कायदा किती गांभीर्याने घ्यायचा त्याचं एक उदाहरण. मुंबईचा कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या वसाहती सापडल्या. हो, मुंबईतही प्रवाळ आहे! त्या हलवायला खुद्द महापालिकेला वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडून त्या दुसरीकडे लावून घेतल्या. महापालिकेला परवानगी लागते, तर तुम्हा-आम्हाला सूट कुठून मिळणार? मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सहलीहून "एवढासाच तुकडा" उचलून आणणं हाही त्याच कायद्याचा भंग आहे.

मग करायचं काय? जे घ्याल त्याचं शास्त्रीय नाव, ते कुठे वाढवलं आणि कोणाकडून घेतलं, हे बिलावर लिहून घ्या. परदेशी माल असेल तर आयातीचे कागद मागा. विक्रेता "बिल कशाला लागतं?" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि विक्री सुरू करण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या. तोंडी उत्तराला धंद्यात किंमत नसते.

तीन महिन्यांचा क्रम

पहिला महिना: ३० इंच लांब, १५ इंच रुंद, १५ इंच उंच अशी टाकी घ्या. साधारण ११० लिटर. पाणी, खडक, काच मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन होतं, तेव्हा स्टँड तसाच भक्कम हवा. शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवा, लिटरला ३६ ते ४० ग्रॅम लागतं. रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. खाण्याचं मीठ चालत नाही. खडक ठेवा, पंप सुरू करा आणि अमोनियाचा थोडा स्रोत द्या. आता जिवाणू वाढतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात. ही घाईने होणारी गोष्ट नाही.

दुसरा महिना: अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायला लागा. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान, क्षारता आणि किती लिटर पाणी घातलं, हे वहीत लिहा. दिवा आठ-नऊ तास. सॉफ्ट कोरलला मध्यम उजेड पुरतो, फार तीव्र दिव्यावर पैसे घालू नका.

तिसरा महिना: वही उघडा. सलग तीस दिवस तापमान दोन अंशांच्या आत आणि क्षारता ३४ ते ३६ मध्ये राहिली का? राहिली असेल तर एक, फक्त एक, सार्कोफायटन आणा. नसेल राहिली तर कारण शोधा आणि तीस दिवस परत मोजा.

कोरल आलं की दोन काळज्या घ्या. लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याला त्रास देतं, म्हणून फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि दोन कोरलमध्ये अंतर ठेवा. दुसरी काळजी जिवाची आहे. सॉफ्ट कोरलबरोबर बाजारात झोआंथस आणि पॅलिथोआ नावाचे रंगीत बटणासारखे जीव मिळतात. त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असतं. ते चिकटलेला खडक कधीही उकळू नका. वाफेने घरातली माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

कापायचं कसं? वाढलेल्या सार्कोफायटनची टोपी धारदार पात्याने कापून तुकडे करतात. अंग बुळबुळीत असल्यामुळे गोंद धरत नाही, म्हणून तुकडा खडकाच्या बारीक खड्यांवर ठेवून वर मऊ जाळी बांधतात. दोनेक आठवड्यांत तो धरतो. पण आई-कोरल निदान काही महिने टाकीत स्थिर वाढलेलं हवं. काल आणलं आणि आज कापलं, असं केलं तर दोन्ही जातात.

आता हिशोब

खालचे भाव मी उदाहरणादाखल धरलेत. तुमच्या गावचे भाव टाकून परत गणित करा.

वीज: दिवा ६० वॅट, ९ तास. पंप २० वॅट, स्किमर १५ वॅट आणि पाणी हलवणारा पंप १० वॅट, हे तिन्ही २४ तास. दिवसाला १.६२ युनिट, महिन्याला साधारण ४९ युनिट. चिलर लावलात तर २५० वॅट, आठ तास धरून महिन्याला आणखी ६० युनिट. म्हणजे चिलरमुळे वीज दुपटीपेक्षा जास्त होते. टाकी थंड खोलीत ठेवणं हीच सगळ्यात मोठी बचत.

तुकडे विकण्याचा धंदा: सहा आई-कोरल, वर्षात प्रत्येकी चार तुकडे, म्हणजे २४. त्यातले सहा गेले, उरले १८. एकाला ८०० रुपये धरले तर वर्षाला १४,४००. खर्च बघा. वीज ८ रुपये युनिटने सुमारे ४,७००. मीठ २० किलो, २५० रुपये किलोने ५,०००. टेस्ट किट, कार्बन, रेझिन मिळून ४,०००. एकूण १३,७००. हातात राहिले ७०० रुपये. वर्षाचे! तुमची मेहनत आणि सत्तर हजारांचं भांडवल यात धरलेलंच नाही.

मग यात धंदाच नाही का? आहे, पण तो कोरल कापण्यात नाही. तुम्ही तीन महिने रोज आकडे स्थिर ठेवायला शिकलात, हे कौशल्य विकलं जातं. शिरवळ, फलटण, वाई, बारामती या पट्ट्यात दवाखाने, हॉटेलं, शोरूम, बंगले आहेत. बहुतेकांच्या टाक्या गोड्या पाण्याच्या असतात आणि कित्येक टाक्या दोन-तीन महिन्यांत हिरव्या पडून माळ्यावर जातात, कारण सांभाळणारा माणूस नसतो. सहा गिऱ्हाईकं, प्रत्येकी महिना १,२०० रुपये देखभाल, म्हणजे ७,२००. पेट्रोल आणि सामान २,००० वजा करा. महिन्याला ५,२०० हातात, आणि कायद्याची टांगती तलवार नाही. तुमची घरची कोरलची टाकी ही मग तुमची जाहिरात. जो समुद्र सांभाळतो तो गोड्या पाण्याची टाकी सांभाळेलच, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही.

पुढची पायरी मत्स्यपालनाची. क्लाउनफिशसारखे समुद्री मासे हॅचरीत वाढवण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे विकसित केलं आहे. आपल्या राज्यात ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही अशा शोभिवंत माशांचं काम झालं आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या युनिटचा समावेश आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. साताऱ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सध्याची स्थिती विचारा आणि मगच प्रकल्प अहवाल लिहा. अनुदान मिळणार म्हणून धंदा सुरू करू नका. धंदा उभा राहतोय म्हणून अनुदान घ्या.

त्या मुलाचं काय झालं?

परवा त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एक्केचाळीस दिवसांच्या नोंदी. सकाळी २६, २६, २६.५. संध्याकाळी मात्र २९, २९.५, ३०. त्याचं त्यालाच कळलं. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लागून होती, चार वाजल्यापासून ती भिंत तापायची. त्याने टाकी रिकामी केली, आतल्या खोलीत हलवली आणि परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागला.

नुकसान किती झालं? चार किलो मीठ आणि एक रविवार. टाकीत कोरल असतं तर किती झालं असतं, ते तुम्हीच सांगा.

तुमच्याकडे टाकी असेल तर आठ दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी कमेंटमध्ये लिहा. त्यातल्या चार-पाच घेऊन पुढच्या व्हिडिओत बोलू. आणि अजून काहीच घेतलं नसेल तर उद्या फक्त एक थर्मामीटर आणा आणि जिथे टाकी ठेवायची त्या कोपऱ्यात टांगून ठेवा. सुरुवात तिथून होते.